इंग्रजांनी लादली ती मर्यादा : व्यवसाय कराचा विसरलेला इतिहास

१/
नोकरदाराच्या पगारपत्रकात 'व्यवसाय कर' नावाची एक ओळ असते. महाराष्ट्रात अकरा महिने तिच्यासमोर २०० रुपये लिहिलेले असतात आणि फेब्रुवारीत ३००. कपात इतकी किरकोळ की तिचे कारण विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. जे विचारतात त्यांना बहुधा एकच उत्तर मिळते : हा इंग्रजांच्या अमदानीतला जुनाट कर आहे, स्वातंत्र्यानंतर रद्द करायचा राहून गेला.

२/
हे उत्तर चुकीचे आहे, आणि ही चूक निरुपद्रवीही नाही. महाराष्ट्रातला आजचा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने आला आणि तो दुष्काळग्रस्तांच्या रोजगाराशी बांधला गेला. इंग्रजी वारसा त्यात आहे खरा, पण तो कराच्या कमाल मर्यादेत दडलेला आहे. फेब्रुवारीतले ते जादा १०० रुपये त्याच मर्यादेची खूण होत. 'कर रद्द करा' असा घोष करणारे वसाहतवादाचा नेमका अवशेष तसाच ठेवून भलतेच काही मोडायला निघाले आहेत.

३/
प्रथम जुना इतिहास. व्यवसायावर कर ही कल्पना मुळात इंग्रजांची नव्हेच. मोगल आणि मराठा महसूलव्यवस्थेत कारागीर व व्यापारी यांच्यावर 'मोहतर्फा' बसे. विणकराचा माग, तेल्याचा घाणा, वाण्याचे दुकान यांची मोजदाद होऊन आकारणी ठरे. शेतकरी सारा भरतो, तर बिगरशेती उत्पन्नानेही राज्याला काही द्यावे, हे त्यामागचे साधे तत्त्व.

४/
गंमत अशी की मुंबई इलाख्यात हा कर कंपनी सरकारने काढून टाकला. १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्याने शहरजकातीबरोबरच धंदे व व्यवसायांवरील कर रद्द झाले. 'इंग्रजांनी लादलेला कर' या वाक्याची पहिली अडचण इथेच उभी राहते : या भूमीवरील जुना व्यवसाय कर इंग्रजांनी लादला नाही, उठवला.

५/
१८५७ च्या उठावानंतर तिजोरी रिकामी झाली आणि भूमिका बदलली. १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी प्राप्तिकर आणला. तो १८६५ मध्ये संपला. पुढे परवाना कर, दाखला कर, पुन्हा प्राप्तिकर असे प्रयोग होत राहिले. यांतला १८७८ चा परवाना कर या कथेसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे.

६/
१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन उद्ध्वस्त झाले. पुढच्या दुष्काळांसाठी दरवर्षी सुमारे दीड कोटी रुपये बाजूला ठेवावेत, असे लॉर्ड लिटनच्या सरकारने ठरवले. त्याकरिता जे नवे कर आले त्यांत व्यापारी व कारागिरांवरील परवाना कर होता. सरकारी अधिकारी आणि वकील-डॉक्टरांसारखे पेशेवाले मात्र त्यातून वगळले गेले. ओझे छोट्या दुकानदारावर, सूट मोठ्या पगाराच्या साहेबाला.

७/
एप्रिल १८७८ मध्ये सुरतेत याविरुद्ध दुकाने बंद झाली, दंगल उसळली आणि गोळीबार झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले. पुढच्या अंदाजपत्रकात दुष्काळासाठीची तरतूद आखडली गेली आणि दुष्काळाचा पैसा युद्धाच्या भट्टीत गेला, अशी टीका हिंदी वृत्तपत्रांनी केली. वरच्या पगारांना १८८६ च्या प्राप्तिकर कायद्याने कराच्या कक्षेत आणले, म्हणजे परवाना करानंतर आठ वर्षांनी.

८/
या प्रकरणातून दोन प्रश्न उरतात. अशा करातून मोठा पगार सुटतो का? आणि दुष्काळाच्या नावाने घेतलेला पैसा दुष्काळग्रस्तापर्यंत पोचतो का? व्यवसाय कराचा पुढचा सारा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो.

९/
आता १९३५. त्या वर्षीच्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना जे करविषय दिले त्यांत 'पेशे, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर' असा एक विषय होता. प्राप्तिकर केंद्राकडेच राहिला. लोकांनी निवडलेल्या प्रांतिक मंत्रिमंडळांपुढे कामांचा डोंगर होता आणि पैशाचे मार्ग मोजके.

१०/
१९३९ मध्ये संयुक्त प्रांतातील गोविंद वल्लभ पंत यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने याच विषयाचा आधार घेऊन पगारदारांवर 'नोकरी कर' बसवण्याचा कायदा पुढे आणला. जमीनमहसूल शेतकऱ्याकडून येतो, तर गलेलठ्ठ पगार घेणाऱ्यानेही प्रांताला काही द्यावे, असा त्याचा रोख होता. त्या काळी वरचे पगार कोणाचे होते हे सांगायला नको. सनदी नोकरीतील साहेब आणि कंपन्या व रेल्वेतले बडे अधिकारी या कराच्या टप्प्यात येत होते.

११/
मग लंडनची पार्लमेंट जागी झाली. १९४० मध्ये १९३५ च्या कायद्यात कलम १४२-अ घुसवण्यात आले. त्याने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. व्यवसाय कर हा उत्पन्नाशी निगडित आहे एवढ्यावरून तो अवैध ठरणार नाही, असे म्हटले. आणि लगेच पुढे अट घातली : एका माणसाकडून असा कर वर्षाला ५० रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही.

१२/
पन्नास रुपयांची ही मर्यादा कारकुनाला फारशी उपयोगाची नव्हती. त्याच्याकडून तेवढा कर तसाही निघाला नसता. मर्यादेचा खरा लाभ त्याला, ज्याचा पगार इतका मोठा की ५० रुपये त्याच्या हिशेबात दिसूही नयेत. मर्यादेच्या बाजूने घटनात्मक युक्तिवाद होता हे मान्य करायला हवे : प्रांतांनी मागच्या दाराने प्राप्तिकर आणू नये. पण कर उत्पन्नाच्या प्रमाणात वाढू न देण्याचा परिणाम एकच होता. १८७८ ची साहेबी सूट १९४० मध्ये नव्या पोशाखात परतली.

१३/
१९४१ च्या विसाव्या कायद्याने ही मर्यादा आणखी घट्ट केली. १९५० मध्ये राज्यघटना आली तेव्हा कलम १४२-अ चा सांगाडा अनुच्छेद २७६ मध्ये उतरला. ५० चे २५० रुपये झाले, रचना तीच राहिली. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २५० चे २,५०० झाले. त्यानंतर तो आकडा तसूभरही हललेला नाही.

१४/
आता फेब्रुवारीचे गणित पाहू. अकरा महिने २०० रुपये म्हणजे २,२००. त्यात ३०० मिळवले की बरोबर २,५००. राज्याने मर्यादेला टेकेपर्यंत कर आकारला आहे, त्यापुढे घटना त्याला एक रुपयाही घेऊ देत नाही. पगारपत्रकातल्या त्या विषम महिन्यामागे १९४० च्या लंडनमधील निर्णयाची थेट वंशावळ आहे.

१५/
महाराष्ट्राची कथा इथून वेगळी होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर येथे १९६५ च्या सुमारास वि. स. पागे यांच्या कल्पनेतून एक प्रयोग झाला : काम मागणाऱ्या प्रत्येक ग्रामीण माणसाला काम द्यायचे. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. 'मागेल त्याला काम' हे सूत्र भिक्षेचे नव्हते, हक्काचे होते.

१६/
१९७२ चा दुष्काळ पडला आणि हे सूत्र साऱ्या राज्याच्या कसोटीला उतरले. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती. अर्धपोटी राहून लोकांनी काम केले, पण दख्खनेत १८७७ सारखे भूकबळींचे थैमान पुन्हा झाले नाही.

१७/
दुष्काळ संपला, प्रश्न उरला. रोजगाराची हमी कायम ठेवायची तर पैसा कोठून आणायचा? उत्तराचा एक मोठा भाग म्हणजे १९७५ चा महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्यांवरील कर अधिनियम. १ एप्रिल १९७५ पासून तो लागू झाला. तोवर हा कर स्थानिक संस्था आपापल्या हद्दीत घेत. तो अधिकार आता राज्याकडे आला.

१८/
१९७७ मध्ये रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याने एक स्वतंत्र निधी उभारला. व्यवसाय कराचे उत्पन्न, बागायती जमिनीवरील उपकर आणि इतर काही कर त्या निधीत जायचे, आणि तितकीच रक्कम राज्याने स्वतःच्या तिजोरीतून घालायची. शहरातल्या नोकरदाराने एक रुपया दिला की सरकारनेही एक द्यायचा आणि गावातल्या हाताला काम मिळायचे.

१९/
हा एक करार होता, आणि देशाच्या इतिहासातला विलक्षण करार होता. मुंबईतल्या बँक कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे माणदेशातल्या बांधावर माती टाकणाऱ्या बाईच्या मजुरीत जमा होत होते. दोघांची भेट कधी होणार नव्हती. त्यांच्यामध्ये एक कायदा आणि एक विवरणपत्र होते. रोजगार हमीत दोष नव्हते असे नाही : मजुरी रखडे, हजेरीपटात घोळ होत, काही कामे निकृष्ट निघत. पण हमीच्या आर्थिक पायाला 'जुनाट इंग्रजी कर' म्हणणे हे इतिहासाचे अज्ञान आहे.

२०/
आता नियोक्त्याकडे वळू, कारण करविरोधाचा सर्वांत मोठा आवाज तिथून येतो. पगार देणाऱ्याला दोन कागद लागतात. कर्मचाऱ्यांचा कर कापून भरण्यासाठी नोंदणी प्रमाणपत्र, आणि स्वतःच्या धंद्याचा कर भरण्यासाठी नावनोंदणी प्रमाणपत्र. हिशेबनीसांच्या बोलीत पीटीआरसी आणि पीटीईसी. दायित्व सुरू झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो.

२१/
मग नमुना तीन-ब मधले विवरणपत्र. मागील वर्षीचा कर एक लाख रुपये किंवा अधिक असेल तर दरमहा, त्याहून कमी असेल तर वर्षातून एकदा, मार्चअखेर. मार्च ते फेब्रुवारी या काळातले पगार त्यात येतात. मुदत चुकली की विलंब शुल्क १,००० रुपये, पहिल्या ३० दिवसांत भरले तर २००. आणि कायद्याचे कलम ४ सर्वांत कडक : पगारातून कर कापला असो वा नसो, भरण्याची जबाबदारी नियोक्त्याचीच.

२२/
या व्यवस्थेत एक ऐतिहासिक विसंगती आहे. शिवपूर्वकाळापासून पेशवाईपर्यंत गावचा वसूल करणाऱ्या पाटील, कुलकर्णी, देशमुखांना त्या कामाबद्दल वतन आणि हक्क मिळत. आजचा नियोक्ता राज्याचा तसाच वसूलदार आहे, पण त्याला मोबदला शून्य आणि चुकीला शुल्क. पाच माणसांच्या छापखान्याला एका उशिरासाठी तेच १,००० रुपये, जे पाच हजार माणसांच्या कंपनीला. छोट्या मालकाची ही तक्रार रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय करायलाच हवा.

२३/
पण तक्रार विवरणपत्राबद्दल आहे आणि मागणी कर रद्द करण्याची, ही उडी तर्काला धरून नाही. छोट्या नियोक्त्याचे विलंब शुल्क त्याच्या कराच्या प्रमाणात ठेवता येते. दोन प्रमाणपत्रांचे एक करता येते. घरपट्टीची पावती किचकट आहे म्हणून कोणी नगरपालिकाच बंद करा म्हणत नाही.

२४/
खरा अन्याय दुसरीकडे आहे. दरमहा ११,००० रुपये मिळवणारा पुरुष कर्मचारी वर्षाला २,५०० रुपये देतो, म्हणजे उत्पन्नाच्या सुमारे १.९ टक्के. दरमहा ११ लाख मिळवणारा अधिकारीही २,५०० च देतो, म्हणजे सुमारे ०.०१९ टक्के. शंभरपट पगार, कर तेवढाच. महिलांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर २०२३ पासून सूट आहे, हे चांगले झाले. पण वरच्या टोकाला राज्य हात लावू शकत नाही, कारण २,५०० चा अडसर घटनेत आहे.

२५/
काहींचा आक्षेप असा की प्राप्तिकर भरतोच, मग हा दुहेरी कर कशाला? हा वाद ८० वर्षांपूर्वीच निकाली निघाला आहे. अनुच्छेद २७६ चे पहिलेच उपकलम सांगते की उत्पन्नाशी संबंधित आहे म्हणून व्यवसाय कर अवैध नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यानेही जुन्या पद्धतीत भरलेला व्यवसाय कर पगारातून वजा करू दिला. ज्याला 'दुहेरी' म्हटले जाते ते संघराज्य आहे : केंद्राची तिजोरी वेगळी, राज्याची वेगळी.

२६/
मर्यादा वाढवा ही मागणी कोणा स्वप्नाळूची नाही. चौदाव्या वित्त आयोगाने ती वर्षाला १२,००० रुपये करण्याची शिफारस केली. पंधराव्या आयोगानेही वाढीचीच बाजू घेतली. दोन्ही शिफारशी कागदावर राहिल्या. वाढीव मर्यादा म्हणजे सर्वांना वाढीव कर असेही नाही. उंच छपराखाली पायऱ्या बांधता येतात. बुटक्या छपराखाली सर्वांना सारखेच वाकावे लागते, आणि छप्पर आधीच डोक्याला लागलेल्यांत पहिला क्रमांक कमी पगारवाल्याचा असतो.

२७/
मात्र हिशेब सरकारकडेही मागायला हवा. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने अकुशल मजुरीचा १०० दिवसांपर्यंतचा भार केंद्राने उचलला. महाराष्ट्राचा मोठा खर्च हलका झाला, व्यवसाय कर चालूच राहिला. मग त्या पैशाने गावात किती जादा दिवस काम दिले, किती पाझर तलाव दुरुस्त झाले, हे करदात्याला कोण सांगते? कराचा हेतू सांगणारी एक ओळसुद्धा पगारपत्रकावर नसते.

२८/
हे मौन धोकादायक आहे. ज्या कराचे कारण लोक विसरले, तो कर कोणत्याही कारणासाठी वापरता येतो आणि कोणत्याही दिवशी रद्दही करता येतो. १८७८ मध्ये दुष्काळाच्या नावाने घेतलेल्या पैशाचा हिशेब वृत्तपत्रांनी मागितला, कारण तो कशासाठी घेतला हे त्यांना पाठ होते. आजच्या करदात्याला तेवढेही ठाऊक नसेल, तर त्याचा कैवार घेणारे त्याचे नुकसानच करत आहेत.

२९/
म्हणून मागण्या तीन. एक : अनुच्छेद २७६ मधली मर्यादा उठवा किंवा महागाईशी जोडा, आणि खालच्या पगारांना करातून मोकळे करा. दोन : छोट्या नियोक्त्याचे विवरणपत्र सोपे करा आणि शुल्क प्रमाणात ठेवा. तीन : व्यवसाय कराच्या जमेचा आणि रोजगारावरील खर्चाचा ताळेबंद दरवर्षी एकाच पानावर, मराठीत, जाहीर करा.

३०/
वसाहतवादाच्या खुणा पुसायच्या असतील तर जरूर पुसाव्यात, पण आधी त्या ओळखता यायला हव्यात. ज्या राज्याने १९७२ च्या होरपळीतून हाताला कामाची हमी काढली, त्याचा कर परका नाही. परकी आहे ती १९४० ची कुंपणरेषा, जी त्या काळी बड्या पगारांच्या रक्षणासाठी आखली गेली. साहेब गेले, राज्यघटना आली, आकडा दोनदा बदलला. कुंपण मात्र जिथे होते तिथेच आहे, आणि आजही ते त्याच बाजूची राखण करते.